फोनचा व्हिडिओ नंतर कन्व्हर्ट करायचा की आधीच लॉक करून शूट करायचा?

ट्रॅकर किंवा किनोव्हियात (व्हिडिओतून वस्तूची हालचाल मोजणारी सॉफ्टवेअर) काम करणाऱ्याला फोनचा व्हिडिओ कधी ना कधी नडतोच, एकतर फाईल उघडत नाही नाहीतर उघडते आणि ग्राफ वेडेवाकडे येतात. मार्ग दोन आहेत. नेहमीच्या कॅमेऱ्याने शूट करून नंतर हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून काढायचं, किंवा मॅन्युअल कॅमेरा अ‍ॅप टाकून फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम), शटर, फोकस सगळं आधीच लॉक करायचं. मी बरेच दिवस पहिलंच करत होतो.

फाईल उघडत नसेल तर कन्व्हर्ट करणं बेस्टच, कारण बहुतेक वेळा घोळ एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा असतो, जुनं, सगळीकडे चालणारं एच २६४ केलं की प्रश्न मिटला. फक्त हँडब्रेकचा 'फास्ट १०८०पी३०' प्रीसेट तसाच ठेवू नका, तो ३० च्या वर जाऊ देत नाही, म्हणजे २४० ने शूट केलेल्या क्लिपमधल्या दर आठातल्या सात फ्रेम गेल्या.

माझं गाडं अडलं ते व्हेरिएबल, म्हणजे मधेच बदलणाऱ्या फ्रेमरेटवर. चेंडू साधारण सव्वा मीटरवरून सोडला तर अर्ध्या सेकंदात खाली येतो, ३० ने शूट केलं तर हातात जेमतेम १५ फ्रेम. त्यात उजेड कमी असला की फोन आपल्या मनाने एक्सपोजर वाढवतो, फ्रेमरेट मधेच खाली येतो आणि फ्रेममधलं अंतर कमीजास्त होतं. आता हे कॉन्स्टंट (एकसारख्या फ्रेमरेटचं) करायला दिलं की जिथे फ्रेम नाही तिथे आधीचीच परत टाकली जाते. ट्रॅकरमध्ये बघितलं तर चेंडू एका फ्रेमला हवेत थांबलेला आणि पुढच्या फ्रेमला एकदम उडी मारलेला! वेगाचा ग्राफ एकदम खाली येऊन परत वर जातो, त्वरणाचं तर विचारूच नका. डुप्लिकेट पॉइंट हाताने काढले तरी उरलेल्यांच्या वेळा थोड्या सरकलेल्याच राहतात, आणि खाली पोचताना चेंडू सेकंदाला पाच मीटरच्या आसपास असतो, म्हणजे अर्ध्या फ्रेमची चूकसुद्धा आठ सेंटिमीटरची. जे टिपलंच गेलं नाही ते कन्व्हर्ट करून कुठून येणार?

म्हणून आता मी ६० वर लॉक करून शटर १/५०० ठेवतो. चेंडूची शेपूटही गेली, १/६० ला शेवटी आठेक सेंटिमीटरचा पट्टा दिसायचा, आता एक सेंटिमीटर, क्लिक कुठे करायचं ते कळतं. उजेड मात्र भरपूर लागतो, घरात काही एलईडी दिवे या शटरला लुकलुकताना दिसतात, त्यामुळे मी शक्यतो उन्हातच शूट करतो. प्रत्येक फोनवर लॉक तितकंच पक्कं बसेल असं मी म्हणणार नाही, पण माझ्याकडे तरी तेव्हापासून थांबलेला चेंडू दिसलेला नाही.

क्लिप आधीच शूट झालेली असेल आणि परत करणं शक्य नसेल तर कन्व्हर्टला पर्याय नाही, तेव्हा करा. परत शूट करता येत असेल तर मी म्हणेन तो अर्धा तास तिथे घाला.

आणि स्लो मोशन कुठल्याही मार्गाने आणलं तरी फाईलवर ३० लिहिलंय का २४० ते बघून खरा फ्रेमरेट सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर वेळ आठपट ताणली जाते आणि जी (गुरुत्व त्वरण) ९.८ ऐवजी ०.१५ येतो.