एपॉक्सीच्या पैशात पॉलिएस्टर: हलकी रेसिंग बोट बांधून घेणाऱ्यांनी वाचाच

खडकवासल्यात चालवायची साडेपाच मीटरची बोट, कोटेशन 7,20,000 रुपये. त्यात स्वच्छ लिहिलेलं: एपॉक्सी (पॉलिएस्टरपेक्षा महाग रेझिन), व्हॅक्यूम इन्फ्यूजन (हवा ओढून काढून कापडात रेझिन भरणं), 80 घनतेचा पीव्हीसी फोम, तिरकं शिवलेलं ग्लास कापड, नुसता हल म्हणजे बोटीचं कवच 140 किलो. दोन हप्त्यांत 5,04,000 दिले. क्रेनच्या काट्यावर हल भरला 212 किलो!

कील म्हणजे बोटीच्या तळाला बोल्टनं बसवलेलं जड पातं. त्याच्या बोल्टसाठी होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) चालवला आणि हलची चकती हातात आली. मधला पिवळा फोम अंगठ्यानं चोळला तर पीठ झालं. पीव्हीसी फोमचं असं होत नाही, हा पीयू (पॉलियुरेथेन). वरखाली नुसती चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे केलेल्या तंतूंची चटई. मुळात कीलच्या बोल्टभोवती फोम नकोच, तिथे भरीव लॅमिनेट लागतं. नाहीतर नट आवळला की फोम दबतो, बोल्ट ढिला पडतो, पाणी शिरतं, कील हलू लागते. 2014 मध्ये अटलांटिकवर ‘चीकी रफीकी’ या शिडाच्या बोटीची कील सुटली, चार जण गेले. हा जिवाशी खेळ आहे.

कळायला हवं होतं ते शेडमध्येच. स्टायरीनचा, म्हणजे पॉलिएस्टर रेझिनचा उग्र वास येत होता, एपॉक्सीला तो नसतो. विचारलं, तर बांधणारा म्हणाला, “शेजारी टाकीचं काम चालू आहे, साहेब.” टाकी खरंच होती. एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) कुठल्या शेडला हा वास नसतो? त्यावरून कुणाला चोर कसं म्हणायचं? पण बाकावर वजनकाटा नव्हता, आणि पोरगा कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) बाटलीच्या टोपणानं अंदाजे ओतत होता. एपॉक्सीचा हार्डनर असा अंदाजे कुणी ओतत नाही, मोजूनच घालतात. हे आठवलं की आजही डोकं फिरतं.

‘आयएसओ 12215 प्रमाणित’ (लहान बोटींच्या बांधणीचं मानक) असं लेटरहेडवर छापून दिलं होतं. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. मानकाचा कोणता भाग ते विचारा: हलच्या जाडीसाठी 5, कीलसाठी 9. हिशोबाचे कागद मागा. आणि नकाशा तपासला म्हणजे बोट तशीच बांधली असं होत नाही.

पोलीस ठाण्यात चार तास बसवून “दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” मुंबईच्या एका कार्यालयानं पुण्याला पाठवलं, पुण्यानं परत मुंबईला. बोट म्हटलं की “मासेमारीची का?” खोटं सर्टिफिकेट समोर ठेवलं, कुणी उलटूनसुद्धा पाहिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. 5 ते 10 लाखांना फी फक्त 200 रुपये, मुदत दोन वर्षं. नमुना प्रयोगशाळेत पाठवायची मागणी अर्जातच करा.

चकती फेकू नका. भट्टीत रेझिन जळतं, काच उरते: हातानं बसवलेल्या मॅटमध्ये वजनाच्या साधारण 30 टक्के, चांगल्या इन्फ्यूजनमध्ये 65 च्या आसपास. आमची निघाली 31. हप्ता वजनाला बांधा, तारखेला नाही. रेझिनचे डबे सीलबंद असताना बॅच नंबरसकट फोटो काढा.

उरलेल्या 2,16,000 साठी बांधणाऱ्याचे फोन अजून चालू आहेत. एक रुपया मिळणार नाही.