सेवा केंद्राच्या मशीनवर क्रोम की फायरफॉक्स? भाच्याला दिलेलं लांबलचक उत्तर

भाचा शहाद्याला सेवा केंद्र टाकतोय. गाळा ठरला, दोन जुनी मशीनं मिळाली, इन्व्हर्टर आला आणि परवा रात्री फोन आला, "मामा, ब्राउझर कोणता टाकू? दोस्त म्हणतो क्रोम सोडून काही ठेवूच नको."

मी चोपड्यात २००७ पासून याच धंद्यात आहे. आधी तासावर नेट द्यायचो, आता सातबारा, शिष्यवृत्ती, केळीचा विमा. माझ्या स्क्रीनवर आजही क्रोम आणि फायरफॉक्स शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि दोघांनी मला वेळोवेळी तोंडघशी पाडलंय. म्हणून फोनवर उत्तर न देता म्हटलं, नीट लिहूनच काढू. असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

आधी एक गोष्ट साफ करू. "लोक सोडून गेले म्हणजे फायरफॉक्स वाईटच असणार" हा दोस्ताचा हिशेब चुकीचा आहे. पण "लोक मूर्ख आहेत म्हणून सोडून गेले" हा फायरफॉक्सवाल्यांचा हिशेबही तितकाच चुकीचा.

२००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हा समोर होता विंडोजसोबत येणारा इंटरनेट एक्सप्लोरर. मी केंद्र सुरू केलं तेव्हा त्याच्यावर टूलबारांचे थर चढलेले असायचे आणि पॉप-अप मारता मारता गिऱ्हाइकाचा अर्धा तास जायचा. फायरफॉक्स टाकला की पॉप-अप बंद, आणि एका खिडकीत दहा टॅब. कॉलेजची पोरं त्याला "कोल्हा" म्हणायची. "दादा, कोल्ह्यावालं मशीन द्या." २००९ च्या अखेरीस जगभरात त्याचा वाटा तीस टक्क्यांच्या वर होता. आज मोबाईल आणि कॉम्प्युटर मिळून धरला तर दोन-तीन टक्क्यांवर आलाय.

मधल्या काळात झालं काय? सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. पहिल्या दिवसापासून त्याची एक गोष्ट भारी होती: प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये. एक पान अडकलं तर तेवढंच पान मरायचं. फायरफॉक्समध्ये एक पान अडकलं की सगळी खिडकी पांढरीफटक पडायची. अर्ध्यावर भरलेला फॉर्म, मागे लागलेली रांग, आणि "प्रतिसाद देत नाही" अशी पाटी. ते दुःख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. हीच सोय फायरफॉक्सने सगळ्यांना द्यायला सुरुवात केली २०१६ मध्ये. आठ वर्षं! एवढ्या काळात आमच्या गल्लीत पानटपरीचं मोबाईल शॉपी झालं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला. त्याला क्वांटम म्हणत, आणि तो खरोखर वेगवान होता. पण त्याच झटक्यात जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी, बंद झाली. जे लोक फक्त ॲड-ऑनसाठी टिकून होते, नेमके तेच दुखावले गेले. अंतर्गत बांधणी बदलायची तर ते करावंच लागणार होतं, हे मान्य. पण गेलेलं गिऱ्हाईक वेगासाठी परत येत नाही, कारण तोवर त्याचे सगळे पासवर्ड दुसऱ्या दुकानात जमा झालेले असतात.

खरी लढाई मोबाईलवर हरली

माझ्या मते वरचं सगळं दुय्यम. आमच्याकडे बहुतेकांच्या हातात इंटरनेट आलं ते मोबाईलवर, २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर. त्या मोबाईलवर क्रोम आधीच बसलेला होता. एका शेतकरी बाबांना मी म्हटलं होतं, नेटवर जायला कोल्ह्याचं चित्र दाबा. ते म्हणाले, "भाऊ, मना मोबाईलमा ते नही शे." झालं. त्यांनी निवड केलीच नाही, कारण निवडीची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

यावर सीसीआयने दंडही ठोकला. खान्देशात सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी केंद्राची रांग आठवते, पण ही दुसरी सीसीआय, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. आपली ॲप्स मोबाईलमध्ये आधीच कोंबून द्यायची, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पण तोवर लोकांच्या अंगठ्याला सवय लागून गेली होती.

आणि मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेने, मोबाईलसाठी हातपाय मारले नव्हते असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने १,९९९ रुपयांत फायरफॉक्स ओएसचा, म्हणजे अँड्रॉइडऐवजी मोझिलाच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणारा, फोन आणला. १२८ एमबी रॅम. एकाने माझ्याकडे आणला आणि पहिला प्रश्न विचारला, "व्हॉट्सॲप कसं टाकायचं?" त्यावर अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतंच. पुढच्याच वर्षी मोझिलाने फोनचा नाद सोडला. गंमत पुढे आहे. त्याच उघड्या कोडवरून दुसऱ्यांनी कायओएस बनवली, आणि २०१७ चा जिओफोन त्यावरच चालला. म्हणजे पेरलं मोझिलाने, कापणी दुसऱ्याच्या खळ्यावर. मुक्त स्रोतात असं चालतंच. परवानाच तसा असतो.

आता काउंटरवरचा हिशेब

सरकारी पोर्टलं. इथे क्रोम पुढे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बनवणारे क्रोमवर तपासतात आणि मोकळे होतात. काही वर्षांपूर्वी एका पोर्टलवर अंगठ्याचं मशीन क्रोममध्ये चालायचं आणि फायरफॉक्समध्ये नाही. दोन दिवस मी मशीनलाच शिव्या दिल्या. शेवटी कळलं ते असं: मशीनच्या सॉफ्टवेअरने आपलं प्रमाणपत्र, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल फाईल, विंडोजच्या भांडारात टाकलं होतं. क्रोम तिथे बघतो. फायरफॉक्स प्रमाणपत्रांचं स्वतःचं भांडार ठेवतो, त्यामुळे त्याला ते अनोळखी वाटायचं आणि तो जोडणीच तोडायचा. नोव्हेंबर २०२३ च्या १२० व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स विंडोजमध्ये टाकलेली अशी प्रमाणपत्रंही आपणहून घेतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कोण समजावणार? ते म्हणतं, "तुमचं हे चालत नाही, दुसरं उघडा." दोष पोर्टलचा, खापर ब्राउझरवर.

उलटा प्रसंगही होता, तो आज कुणाला आठवत नाही. २०१५ मध्ये क्रोमने जावाची प्लग-इन बंद केली. ई-निविदेची डिजिटल सही मात्र जावावरच अडलेली. पुढे ठेकेदार मंडळींसाठी मी फायरफॉक्स ५२ ची २०१७ मधली ईएसआर आवृत्ती, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, जपून ठेवली होती. ती होती म्हणून कामं निघाली.

बोलून टायपिंग. गूगल डॉक्समध्ये मराठी बोललं की अक्षरं उमटतात. अर्ज, तक्रारी, ग्रामसभेचे ठराव यांसाठी ही सोय सोन्यासारखी आहे. क्रोममध्ये चालते, एजमध्येही. फायरफॉक्समध्ये नाही. यावर वाद नाही.

पानाचं भाषांतर हवं असेल तरी क्रोमच. फायरफॉक्स भाषांतर आपल्याच मशीनवर करतो, मजकूर बाहेर पाठवत नाही, ही गोष्ट मला आवडते. पण त्याच्याकडे भाषा कमी.

मग फायरफॉक्स ठेवायचा कशाला? सेवा केंद्रासाठी माझं मुख्य कारण एकच: कंटेनर टॅब. मोझिलाचंच ॲड-ऑन आहे, फुकट. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात एका पोर्टलवर चार शेतकऱ्यांची चार लॉगिन एकाच खिडकीत उघडी ठेवता येतात, प्रत्येक टॅबला वेगळा रंग. एकाचा ओटीपी येईपर्यंत दुसऱ्याचं काम. रावेरच्या आबांचा अर्ज यावलच्या तात्यांच्या खात्यात जात नाही. क्रोममध्ये प्रोफाइल बनवून हे जमतं, पण प्रत्येक प्रोफाइलची खिडकी वेगळी, आणि चार जीबी रॅमच्या मशीनवर तिसऱ्या खिडकीला पंखा ओरडायला लागतो.

दुसरं, क्रोममध्ये कुणी जीमेल उघडलं की २०१८ पासून खुद्द ब्राउझरच त्या खात्याने साइन-इन होतो. घरी सोयीचं. केंद्रावर डोकेदुखी, कारण सकाळच्या गिऱ्हाइकाचं नाव संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बसलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. भाच्या, पहिल्याच दिवशी बंद कर.

जाहिराती. "डाउनलोड" लिहिलेली चार खोटी बटणं आणि एक खरं, अशा पानांवर गिऱ्हाईक हमखास चुकीचं दाबतं. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन त्यावर अक्सीर इलाज होता. क्रोमने विस्तारांचे, म्हणजे ॲड-ऑनचेच, नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ आणलं, आणि तो पूर्ण स्वरूपात तिथे चालेनासा झाला. आता फक्त त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये जुना पूर्ण विस्तार अजून चालतो, आणि अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येसुद्धा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये विस्तारच नाहीत. आयफोनवर मात्र फायरफॉक्स टाकून फार उपयोग नाही, कारण आपल्याकडे आयफोनवरच्या सगळ्या ब्राउझरांच्या आत ॲपलचंच इंजिन असतं.

वेग आणि रॅमबद्दल लोक तासन् तास भांडतात. मला दोन्हींत फरक जाणवत नाही. तीस टॅब उघडले की दोन्ही सारखेच धापा टाकतात.

"मग ब्रेव्ह किंवा एज टाकू का?" असंही भाचा म्हणाला. टाक की. पण क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे एकाच बेण्याचे, क्रोमियम या गूगलच्या उघड्या कोडचे. एजसुद्धा २०२० पासून त्यावरच आला. रावेर-यावलकडे पूर्वी बसराई, श्रीमंती अशा केळी दिसायच्या. आता जिकडे बघावं तिकडे टिश्यूकल्चरची ग्रँड नैन. उत्पन्न चांगलं येतं, तक्रार नाही. पण सीएमव्ही, हा केळीवरचा विषाणूरोग, आला की बांध ओलांडून सगळ्यांच्या शिवारात येतो. क्रोमियममध्ये गंभीर खोट निघाली की या सगळ्यांना एकदमच दुरुस्ती काढावी लागते. फायरफॉक्सचं इंजिन, गेको, वेगळ्या वाणाचं आहे. तेवढ्यासाठी तरी मशीनवर एक वेगळं खोड असू दे.

फायरफॉक्सची बाजू घेताना त्याचं घरचं दुखणं लपवायला नको. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडून येतो, फायरफॉक्समध्ये गूगल हेच मुख्य शोधयंत्र ठेवण्याबद्दल. ज्याच्याशी कुस्ती, त्याच्याच घरचा खुराक. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथे सुमारे २५० जणांना काढलं. मे २०१९ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्सची ॲड-ऑन एका रात्रीत बंद पडली. तो दिवस मी विसरलेलो नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटींची भाषा अशी लिहिली की खासगीपणासाठी आलेले लोकच भडकले, आणि मग ती बदलावी लागली. आपल्या माणसांना दुखवायची ही खोड जुनी आहे.

तर भाच्या, तुझ्यापुरतं सांगतो. अंगठ्याचं मशीन जोडलेल्या कॉम्प्युटरवर क्रोम मुख्य ठेव, पोर्टलांसाठी आणि बोलून टायपिंगसाठी. दुसऱ्यावर फायरफॉक्स मुख्य, कंटेनर आणि यूब्लॉकसह. एकाच पोर्टलवर अनेक लॉगिनचं काम त्यावरच. तुझ्या स्वतःच्या मोबाईलवर फायरफॉक्स टाक, आठवडाभर बातम्या वाचून बघ. ताईच्या मोबाईलला हात लावू नकोस; तिला क्रोमची सवय आहे, आणि काही बिघडलं की फोन मला येतो.

जुन्या मशीनवर विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ वर अडकून पडलाय. फायरफॉक्सने ११५ ची ईएसआर त्यानंतरही सांभाळली. पण गिऱ्हाइकाचं आधार ज्या मशीनवर उघडतोस तिथे विंडोज ७ ठेवूच नकोस. त्यापेक्षा लिनक्स टाक, पण आधी अंगठ्याचं मशीन त्यावर चालतंय का ते बघ.

आणि क्रोममधले तुझे पासवर्ड फायरफॉक्समध्ये न्यायला सीएसव्ही फाईल काढशील, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. काम झालं की ती लगेच पुसून टाक, रिसायकल बिनमधूनही.