रेटिनासाठी ‘स्टेम सेल’ उपचार : एका खाजगी केंद्राचा अनुभव

रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या माझ्या मोठ्या भावासाठी पुण्यातील एका खाजगी केंद्रात सल्ला घेतला. कर्मचारी नम्र आहेत, वेळ पाळली जाते. तक्रार आहे ती उपचाराबद्दलच. पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ म्हणजे मूळ पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्यास दृष्टी सुधारेल, असे सांगण्यात आले. मात्र ही नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवरील अधिकृत चाचणी) आहे का, आणि असल्यास रुग्णाकडून एवढे शुल्क कशासाठी, या प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही. फ्लोरिडात अशाच इंजेक्शनांनंतर तीन महिलांची दृष्टी गंभीररीत्या गेल्याचे वृत्त २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांनाही मान्यताप्राप्त चाचणीबाहेरचा असा उपचार मान्य नाही.

माहितीपत्रकात जपानचा दाखला मोठ्या अभिमानाने दिला आहे. परंतु तेथील कोबे शहरात नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या चमूने २०१४ मध्ये जी शस्त्रक्रिया केली, तीत रुग्णाच्या त्वचेतील पेशींपासून आयपीएस पेशी (प्रयोगशाळेत पुन्हा मूळ अवस्थेत नेलेल्या पेशी) व त्यांपासून रेटिनाखालील रंगद्रव्य-पेशींचा पातळ थर तयार करून तो एकाच डोळ्यात बसवला होता. आजारही वेगळा, म्हणजे उतारवयातील मॅक्युलर डिजनरेशन (रेटिनाच्या मध्यभागाची झीज) होता, आणि दृष्टी सुधारली नाही, स्थिर राहिली. त्याचा चरबीच्या इंजेक्शनाशी संबंध जोडणे ही सरळ दिशाभूल आहे (छपाई मात्र सुरेख!).

जनुकीय तपासणीचा विषय तर कोणी काढलाच नाही. पाचपैकी एक तारा. पैसे भरण्यापूर्वी स्वतंत्र रेटिनातज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.