रँच की आजीचं घर?

1981 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली पहिली महिला न्यायाधीश ठरलेली सँड्रा डे ओकॉनर लहानपणी दोन घरांत वाढली.

एक घर ‘लेझी बी’ रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यावर, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या कोरड्या माळावर. ती सात वर्षांची होईपर्यंत तिथे ना वीज होती, ना नळाचं पाणी. पण घोडा, बंदूक, गाडी सगळं लहानपणीच हाताखालून गेलं. किशोरवयात एकदा गुरं गोळा करणाऱ्या गड्यांचं जेवण घेऊन निघाली आणि वाटेत टायर पंक्चर झाला. गंजलेले नट एकटीने सोडवून, चाक बदलून पोहोचली. वडील काय म्हणाले? अजून लवकर निघायला हवं होतंस! (शाबासकी राहिलीच.)

दुसरं घर टेक्सासमधल्या एल पासो शहरात, आजीचं. तिथे चांगली शाळा होती, आणि घरची आठवण. आठवीला ती हट्टाने रँचवर परतली, तर लॉर्ड्सबर्ग गावातल्या शाळेची बस पहाटे अंधारात निघायची आणि घरी अंधार पडल्यावरच पोहोचवायची. वर्षभरात पुन्हा आजीकडे.

शिक्षणासाठी एल पासोच बरं, यात वाद नाही. मला मात्र तो पंक्चरचा दिवस जास्त मोलाचा वाटतो.