दाजीपूरची जंगल सफारी : वाघ नाही, गवा आहे

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सहाजण दाजीपूरला जाऊन आलो. आम्ही दोघं, आत्ती, मामा आणि दोन पोरं. पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक जंगलाचा नाही, जीपच्या मागच्या सीटचा आहे.

कोल्हापुरातनं पहाटे साडेचारला निघालो. जाणार असाल तर हीच वेळ धरा. हळदी, परितेच्या रस्त्याला साखर हंगामात उसाच्या ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्याही मागं दिवा नसलेल्या. उजाडल्यावर निघालात तर त्यांच्या मागनंच राधानगरी गाठायची. तिथनं पुढं फोंड्याच्या बाजूला चढण लागली की फोनची रेंज जाते. यांना ऑफिसचा फोन आला नाही, हा एक फायदाच म्हणायचा.

गेटवर पिशव्या तपासतात. प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत, हे मला आवडलं, आत्तींना नाही. त्यांनी दोन किलो भडंग प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणलं होतं. मग पोळ्यांचा डबा रिकामा करून त्यात मावेल तेवढं भडंग, आणि पोळ्या मामांच्या टॉवेलात. घरनंच स्टीलचे डबे न्या, म्हणजे गेटवर एवढी शोभा होणार नाही.

आत लाल मातीचा कच्चा रस्ता आहे. भाड्यानं घेतलेल्या आमच्या जीपची मागची सीट सुतळीनं बांधलेली, प्रत्येक खड्ड्याला एका बाजूला झुकायची. मामांची कंबर दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत होती. म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवा आणि पैसे द्यायच्या आधी सीट हलवून बघा. आम्ही बघितली नाही, कारण लेक "मी पुढं बसतो" म्हणून आधीच चढून बसली होती.

एक गोष्ट पोरांना घरीच सांगा : हे प्राणीसंग्रहालय नाही. पहिला तासभर आम्हाला एक शेकरू आणि खूप सारी झाडं दिसली. अंजनीला निळी-जांभळी फुलं आली होती, फांदीला चिकटून, कुणी हातानं लावल्यासारखी. मी त्यातच खूश होते. धाकटा मात्र दर पाच मिनिटांनी "वाघ कधी येणार?" विचारत होता. गाइडदादानं समजावलं, की हे अभयारण्य मुळात गव्यांसाठी. आधी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान, मग १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. आता राधानगरी अभयारण्य म्हणतात, ३५१ चौरस किलोमीटर. मामा म्हणाले, "तीनशे एक्कावन्नात एक तरी दाखव की लेका."

सावराई सडा म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार. त्याच्या अलीकडं दादानं जीप थांबवली, इंजिन बंद केलं. उजवीकडं जाळीत एक मोठा काळा दगड होता. बघता बघता दगडानं कान हलवला.

पुढची दोन मिनिटं जीपमधलं कुणी बोललं नाही, आत्तीसुद्धा. गवा झुडपातनं अर्धा बाहेर आला. पाठीवर केवढा तो उंचवटा, कपाळ राखाडी, आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे. जीभ काढून त्यानं नाकपुडी चाटली, एक, मग दुसरी. आमच्याकडं बघत होता, पण आपण रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोकडं बघतो तसं. दादा हळूच म्हणाला, पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, आणि हा गाईच्या कुळातला, म्हशीच्या नाही. लेक कुजबुजली, "शाळेचे मोजे घातलेत." धाकट्यानं तेवढ्याच हळू विचारलं, "मग बूट कुठं हायत?"

तेवढ्यात मागनं दुसरी जीप आली, स्पीकरवर गाणी लावून. गवा वळला आणि एवढं मोठं जनावर फांदी न मोडता गेलं. त्या मंडळींनी खाली वाकून आम्हालाच विचारलं, "काय दिसलं काय?" मामा म्हणाले, "शेकरू."

सड्यावरनं कोकण दिसतं, पण ऊन चढल्यावर धुरकट होतं. तिथं फार वेळ घालवू नका. जेवण बाहेर येऊन सावलीत केलं. टॉवेलातल्या पोळ्यांना मामांच्या तेलाचा वास होता, तरी सगळ्या संपल्या. परतीच्या वाटेवर राधानगरी धरण लांबनंच बघितलं. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं धरण, सात स्वयंचलित दरवाजे, हे सगळं मामांनी पोरांना सांगितलं. पोरं झोपली होती.

संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला थांबलो. धाकटा ग्लास हातात धरून म्हशीपुढं उकिडवा बसला. तिचे चारही पाय नीट बघितले आणि गवळीमामांना म्हणाला, "हिचे मोजे धुवायला टाकलेत काय?"