ॲसबेस्टॉसवरचं जेफ्री ट्वीडेलचं पुस्तक : सेफ्टीवाल्यांनी तर वाचाच

हिंगणा एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो, म्हणून एका सिनिअर सरांनी 'मॅजिक मिनरल टू किलर डस्ट' हे पुस्तक सुचवलं. ॲसबेस्टॉस म्हणजे बारीक धाग्यांचं खनिज, त्याची धूळ फुप्फुसात गेली की जीवघेणी. नवीन कॉपी भयंकर महाग आहे, जुनी मागवली, आणि आता ऑफिसात भेटेल त्याला याच्याबद्दलच सांगत सुटलोय.

लेखक जेफ्री ट्वीडेल, इंग्लंडचा बिझनेस हिस्टोरियन. त्याचं आधीचं काम माहीत असलं की पुस्तक जास्त समजतं. शेफिल्डचं स्टील आणि अमेरिका यांचा शंभर वर्षांचा धंदा यावर त्याचं पुस्तक १९८७ चं, मग १९९० मधे ॲलन अँड हॅनबरीज या १७१५ पासूनच्या लंडनच्या औषध कंपनीचा इतिहास (दम्याचा सालब्युटामॉलचा पंप आपल्याकडे इतक्या घरांत असतो ना, तो १९६९ ला बाजारात आणणारी हीच कंपनी). म्हणजे कंपनीची जुनी पत्रं, मिटिंगचे कागद, हिशेब वाचण्यात हात पक्का झालेला माणूस ॲसबेस्टॉसकडे आला, आणि पुस्तकाचा सगळा जीव त्यातच आहे.

पुस्तक ज्या कंपनीवर आहे ती टर्नर अँड नेवॉल, इंग्लंडची ॲसबेस्टॉसचा माल बनवणारी. चेस मॅनहॅटन बँकेने आपल्या बिल्डिंगमधल्या ॲसबेस्टॉसवरून अमेरिकेत तिच्यावर केस टाकली, त्यात कंपनीला आतले लाखो कागद दाखवावे लागले. १९९५ ला बँक केस हरली, पण कागद बाहेर आले ते आलेच, आणि ट्वीडेल ते धरून बसला.

सगळ्यात जास्त लागलं ते नेली केरशॉचं. याच कंपनीच्या इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कारखान्यात ॲसबेस्टॉसचा धागा कातायची, १९२४ मधे गेली, वय फक्त ३३. फुप्फुसं धुळीने खराब झालेली हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरी कंपनीने जबाबदारी घेतली नाही, अंत्यविधीचा खर्चसुद्धा दिला नाही, कारण एकीला दिला की उद्या दुसरे मागतील. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं, त्या दिवशी पुढे वाचवलंच नाही. मग इंग्लंडमधे ॲसबेस्टॉसच्या धुळीबद्दल १९३१ चे नियम आले, पण ठराविक कामांनाच लागू, बाकीचे कामगार तसेच धुळीत. १९५५ ला रिचर्ड डॉल या इंग्लंडच्या डॉक्टर-संशोधकाने याच रॉचडेलच्या कामगारांवरून फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, तर तो पेपर छापूच नये म्हणून कंपनीने धडपड केली. माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच ठेवत नाही हा माणूस.

भाषा जड आहे, कायदा आणि नुकसानभरपाईची प्रकरणं हळूहळू सरकतात, आणि फोकस इंग्लंडवर आहे. जगभरचं बघायचं तर जॉक मॅककलॉकसोबतचं त्याचं २००८ चं पुस्तक घ्या.

इंग्लंडमधे १९९९ ला पूर्ण बंदी आली, आपल्याकडे पांढरा ॲसबेस्टॉस (त्याचाच एक प्रकार) अजून चालतो, सिमेंटचे पत्रे म्हणजे बरेचदा तेच. परवाच आमच्या कॉलनीत एक पोरगा भर उन्हात ग्राइंडरने पत्रा कापून राहिला होता, तोंडाला दुपट्टा, भुवया पांढऱ्याफट्ट, आणि खाली मालकीणबाई कोरड्या झाडूने तो भुगा लोटत होत्या. दुपट्ट्याने ऊन अडतं बाप्पा, हा धागा नाही अडत. पत्रा शक्यतो कापूच नका, कापायचाच तर ओला करून हातकरवतीने, चांगला फिल्टरवाला मास्क लावून, आणि भुगा ओल्या फडक्याने पुसा.

अजून एक गोष्ट, आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय की ॲसबेस्टॉसच्या कामगारांचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर संपेल तोपर्यंत ठेवायचं. इतकी वर्षं काहून, तर हा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो, तोवर पोरगा म्हातारा होतो आणि रजिस्टर रद्दीत गेलेलं असतं. पुस्तक वाचल्यापासून मी आमच्या जुन्या मेडिकल फाइली स्कॅन करायला घेतल्यात, साहेबांकडून कपाटही मंजूर करून घेतलं.

पाचपैकी साडेचार, अर्धा कायद्याच्या प्रकरणांचा कापला. हिंगणा-बुटीबोरीकडच्या कोणाला वाचायचं असेल तर माझी कॉपी न्या, फक्त पेन्सिलच्या खुणा पुसू नका.