पायथॉनची आयटरेटर सोय: बरेच दिवस वापरल्यावरचा रिव्ह्यू

आपल्या स्वतःच्या कलेक्शन क्लासवर सरळ फॉर लूप फिरवता यावा म्हणून पायथॉनमध्ये जी आयटरेटरची (एकेक गोष्ट पुढे देणाऱ्या ऑब्जेक्टची) सोय आहे ती जुनीच आहे, २००१ साली २.२ व्हर्जनमध्ये आली, यील्डसुद्धा (फंक्शन न संपवता एकेक गोष्ट देणारा शब्द) त्याच व्हर्जनमधलं. मला भयंकर आवडते. पाचपैकी साडेचार देईन, पण एक खड्डा आहे तो आधी सांगते.

माझा क्लास साधा होता, गाण्यांची प्लेलिस्ट, आत एक लिस्ट, बास. मी क्लासलाच आयटरेटर करून टाकलं, म्हणजे डंडर आयटरमध्ये (__iter__, लूप सुरू होताना पायथॉन बोलावतो ती मेथड; डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) इंडेक्स शून्य करून सेल्फ, म्हणजे तोच ऑब्जेक्ट, रिटर्न करायचं, डंडर नेक्स्टमध्ये एकेक गाणं द्यायचं आणि संपली की स्टॉपआयटरेशन, म्हणजे 'संपलं' असा इशारा. एक लूप मस्त चालला. मग डुप्लिकेट शोधायला लूपमध्ये लूप टाकला, ४ गाणी म्हणजे १६ जोड्या यायला हव्यात, आल्या फक्त ४! एरर काहीच नाही. झालं असं की दोन्ही लूप एकाच इंडेक्सवर चालत होते, आतल्याने तो शेवटाला नेऊन सोडला आणि बाहेरच्याला काही उरलंच नाही. आतला लूप पहिल्याच गाण्यावर ब्रेक केला तर आणखी वाईट, बाहेरचा तेच दुसरं गाणं पुन्हा पुन्हा देत बसतो आणि प्रोग्राम संपतच नाही.

उपाय इतका छोटा की खरंच कौतुक वाटतं. डंडर नेक्स्ट पूर्ण उडवला, डंडर आयटरमध्ये लिस्टवर लूप लावून यील्ड केलं, दोन ओळी. आता प्रत्येक लूपला नवा जनरेटर (यील्डमुळे तयार होणारा आयटरेटर) मिळतो आणि आपण कुठवर आलोय हे ज्याचं तो लक्षात ठेवतो. जोड्या १६ आल्या. शिवाय सॉर्टेड, मॅक्स, अनपॅकिंग (गाणी एकदम वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेणं) सगळं आपोआप चालायला लागलं, लेन (किती गाणी आहेत ते सांगणारं) मात्र नाही, त्याला डंडर लेन वेगळा लिहावा लागतो.

जावामध्ये २००४ च्या जावा ५ पासून इटरेबल आहे, तिथे टायपिंग जास्त पण इटरेबल आणि इटरेटर हे दोन इंटरफेसच वेगळे, त्यामुळे कलेक्शन वेगळं आणि त्यावर फिरणारा वेगळा हे डोक्यात लवकर बसतं, नवीन शिकणाऱ्याला ते बरं पडतं असं माझं मत.

अर्धा मार्क कापला तो लूप चालू असताना आतली लिस्ट बदलली तर पायथॉन गप्प राहतो म्हणून. चालू गाणं काढून टाकलं की पुढचं एक गाणं वगळलं जातं आणि कळतही नाही, डिक्शनरीची साइझ बदलली तर निदान रनटाइम एरर तरी येतो. काढायचंच असेल तर लिस्टची कॉपी करून तिच्यावर फिरा.

आणि हो, इन ऑपरेटरही (गाणं प्लेलिस्टमध्ये आहे का ते सांगणारा) फुकटात मिळतो पण तो एकेक गाणं तपासत जातो, प्लेलिस्ट मोठी असेल तर आत एक सेट (ज्यात शोध पटकन होतो असा संग्रह) ठेवून डंडर कंटेन्स, म्हणजे इन वापरतो ती मेथड, स्वतः लिहा.